‘कौन प्रवीण तांबे?’ : टाळी न मागणारा बोलपट

खेळावरचा बोलपट हा आपल्याकडे आतां एक स्वतंत्र प्रकार होऊन बसला आहे, आणि प्रकार ठरला म्हणजे त्याचा सांचाही ठरतो. नायक गरीब असावा. त्याचा बाप खेळाचा द्वेष्टा तरी असावा किंवा खेळापायीं पोळलेला तरी असावा. गुरु मद्याच्या पेल्यांतून वर काढावा लागावा. निवड समितींत एक दुष्ट गृहस्थ असावा. आणि अखेरीस सारी कथा एका चेंडूवर येऊन लोंबकळावी. मग पडद्यावरची गति मंद होते, वाद्यें चढतात, प्रेक्षकांतील कोणी एक माता डोळे मिटते, आणि चेंडू सीमेपार जातो. ‘लगान’ (२००१) मध्यें तो गेला, ‘एम. एस. धोनी’ (२०१६) मध्यें तो गेला, आणि यापुढें येणाऱ्या बोलपटांतही तो जाईल याविषयीं आम्हांस शंका नाहीं. १९७६ च्या ‘रॉकी’ या अमेरिकन चित्रपटाला या साऱ्या प्रकाराचा मूळपुरुष समजतात. त्यांतला नायक शेवटीं सामना हरतो, ही गोष्ट मात्र त्याचें अनुकरण करणारांपैकीं बहुतेकांनीं सोयीस्करपणें विसरून टाकिली आहे.

हा सांचा आम्हांस सर्वस्वीं त्याज्य वाटतो असें कोणी समजूं नये. ज्या रसिकवर्गानें संगीत नाटकांतील नायकास ऐन संकटाच्या वेळीं चार आवर्तनें अधिक गाऊं दिलीं, त्याच्या वंशजांनीं अतिरंजिताविषयीं नाक मुरडणें शोभत नाहीं. आमचा आक्षेप निराळा आहे. या बोलपटांतील सर्वांत मोठें असत्य भावनेचें नसतें, काळाचें असतें. दहा वर्षांचा सराव एका गाण्यांत उरकतो. गाण्याच्या पहिल्या कडव्यांत नायकाचा चेंडू भिंतीवर आदळतो, तिसऱ्या कडव्यांत तो यष्ट्या उडवितो, आणि धृपद परत येईपर्यंत निवडीची यादी भिंतीवर लागलेली असते. खेळाचें खरें स्वरूप म्हणजे पुनरुक्ति. तोच चेंडू, तीच धांव, तोच मनगटाचा वळसा हजारों वेळां, आणि त्यांतल्या बहुतेक वेळां पाहावयास कोणी नाहीं. पण पुनरुक्ति म्हणजे नाट्याची वैरीण. म्हणून खेळांत जें सर्वांत खरें असतें तेंच प्रथम कापून टाकण्याचा मोह दिग्दर्शकास होतो.

श्री. जयप्रद देसाई यांनीं हा मोह बऱ्याच अंशीं आंवरला, म्हणून त्यांच्या ‘कौन प्रवीण तांबे?’ या बोलपटाविषयीं दोन शब्द लिहावेसे वाटतात. तो १ एप्रिल २०२२ रोजीं प्रसिद्ध झाला. चित्रगृहांच्या वाटेला तो गेला नाहीं. ‘डिस्ने प्लस हॉटस्टार’ वरून तो एकदम घरांत आला, आणि घरांत येणाऱ्या गोष्टींचें जें होतें तें त्याचें झालें. पुष्कळांनीं पाहूं पाहूं म्हणत पाहिलाच नाहीं. श्री. देसाई यांचा ‘नागरिक’ (२०१५) हा मराठी चित्रपट आमच्या कांहीं वाचकांच्या स्मरणांत असेल. प्रस्तुत बोलपटाचें लेखन श्री. किरण यज्ञोपवीत यांचें आहे. म्हणजे भाषा हिंदी असली तरी यामागचे हात मराठी आहेत, आणि तें जागोजागीं दिसतें.

कथा काल्पनिक नाहीं. श्री. प्रवीण तांबे यांचा जन्म १९७१ सालचा. मुलुंडसारख्या उपनगरांत वाढलेला हा गृहस्थ मुंबईच्या रणजी संघांत खेळावें एवढीच इच्छा उरीं बाळगून वीस वर्षांहून अधिक काळ मैदानांवर राबला, आणि एकाही प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्याला कोणीं घेतलें नाहीं. मग ७ मे २०१३ रोजीं, वयाच्या ४१ व्या वर्षीं, राजस्थान रॉयल्सच्या वतीनें तो आयपीएलच्या सामन्यांत उतरला. ज्या वयांत इतर खेळाडू समालोचनाच्या खुर्चीवर स्थिर होतात त्या वयांत याचा प्रारंभ. त्याच वर्षाच्या चॅम्पियन्स लीगमध्यें त्यानें १२ बळी घेतले, ते त्या स्पर्धेंतील सर्वाधिक होते; आणि वर्ष सरण्यापूर्वीं रणजीचें दारही उघडलें.

आतां हीच कथा दुसऱ्या एखाद्याच्या हातीं पडली असती तर तिचें काय झालें असतें, याची कल्पना वाचकांनींच करावी. श्री. देसाई यांनीं तिचा बहुतेक भाग यशापूर्वींच्या वीस वर्षांस दिला आहे. मध्यमगती गोलंदाज म्हणून नायक आरंभ करतो. गुरु त्याला लेगस्पिन टाकावयास सांगतो. तो ऐकत नाहीं, कारण आपलें अपयश आपल्याच पद्धतीनें भोगण्याचा मध्यमवर्गीय हट्ट त्याच्या अंगीं आहे. पुढें शरीरच साथ देईनासें झाल्यावर तो वळतो. या वळणास बोलपटानें दिव्य साक्षात्काराचें रूप दिलेलें नाहीं. नवी विद्या शिकतांना पहिलीं कांहीं वर्षें माणूस जुन्या विद्येहूनही वाईट करतो, ही शिक्षकांस नित्य परिचयाची गोष्ट येथें पडद्यावर दिसते. श्री. आशीष विद्यार्थी यांचा गुरुही मोठमोठीं वाक्यें फेकीत नाहीं. तो बहुतेक वेळां कंटाळलेला दिसतो, आणि खरे गुरु तसेच दिसतात.

परंतु या बोलपटाचें खरें सामर्थ्य आम्हांस दिसलें तें नोकऱ्यांच्या चित्रणांत. मुंबईच्या क्रिकेटची एक बाजू अशी आहे कीं ती बाहेरच्या माणसास समजत नाहीं आणि आंतल्या माणसास सांगावीशी वाटत नाहीं. हें क्रिकेट फार वर्षें कचेऱ्यांनीं पोसलें. बँका, गिरण्या, जहाजाच्या कंपन्या आपापले संघ ठेवीत. बऱ्या गोलंदाजाला कारकुनाची जागा मिळे. टाइम्स शील्डच्या खालच्या गटांतून संघ वर चढला तर साहेब खुष होई, आणि त्या खुषीवर एखादें कुटुंब चाले. पावसाळ्यांत कांगा लीग. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नांवानें १९४८ पासून चाललेली ही स्पर्धा जगांतील इतर शहाण्या लोकांप्रमाणें कोरड्या दिवसांत न होतां भर पावसांत होते. ओली खेळपट्टी, घोट्यापर्यंत गवत, शेजारच्या सामन्याचा क्षेत्ररक्षक आपल्या पाठीशीं उभा. तेथें वीस वर्षें खेळलेल्या माणसाचें नांव वर्तमानपत्रांत एका ओळींत, तेंही बहुधा चुकीचें छापून येतें. पुढें कंपन्यांचे हिशेब बदलले. संघ ठेवणें ही चैन ठरूं लागली. खेळाडूच्या जागेवर नेमलेला माणूस ना धड खेळाडू राहिला ना धड कारकून.

या साऱ्या पालटाचें व्याख्यान न देतां बोलपटानें तो एका माणसाच्या पायांवर दाखविला आहे. प्रवीण शिपिंग कंपनीच्या संघांत असतो, मग ती जागा राहत नाहीं. मग मिळेल तें काम. अखेरीस दिवस मैदानासाठीं मोकळा राहावा म्हणून तो रात्रीं डान्स बारमध्यें वेटर होतो. आमच्या वर्गांतील वाचकांस हा प्रसंग जड जाईल, आणि तो जड जावा असाच आहे. परंतु दिग्दर्शकानें येथें नायकाच्या पतनाचा देखावा मांडलेला नाहीं. नायक तेथें पेले उचलतो, हिशेब चुकवूं नये म्हणून लक्ष ठेवतो, आणि झोंप अपुरी होऊन सकाळीं मैदानावर जातो. लाज आहे ती घरीं काय सांगावें याची, कामाची नाहीं. हा भेद सूक्ष्म आहे. श्री. श्रेयस तळपदे यांनीं तो चेहऱ्यावर फार थोडें करून दाखविला आहे.

श्री. तळपदे यांच्याविषयीं थोडें अधिक लिहिणें जरूर आहे. २००५ सालीं नागेश कुकनूर यांच्या ‘इक्बाल’ मध्यें त्यांनींच एका मुक्याबहिऱ्या खेडवळ मुलाची भूमिका केली होती. तोही गोलंदाज, त्यालाही राष्ट्राच्या संघांत जावयाचें असतें, आणि तो जातो. ‘इक्बाल’ हा चांगला बोलपट होता. त्यांत तारुण्याचें तेज होतें, मद्याच्या पेल्यांतून वर काढलेला गुरु होता, आणि अखेरचें यश होतें. सतरा वर्षांनीं तोच नट पुन्हां चेंडू हातीं घेतो, आणि या वेळीं केंस विरळ, पोट सुटूं पाहणारें, गुडघा दुखरा. दोन्ही बोलपट पाठोपाठ पाहणारास जणूं एकाच स्वप्नाचें पूर्वायुष्य आणि उत्तरायुष्य दिसतें. ‘इक्बाल’ मध्यें ज्या गोष्टीची किंमत कोणी विचारीत नाहीं, तिचीं बिलें ‘कौन प्रवीण तांबे?’ मध्यें महिन्याच्या महिन्याला घरीं येतात.

बिलें कोणीं भरलीं, हा प्रश्न आम्हांस या बोलपटाचा गाभा वाटतो. नायकाचें लग्न होतें, मुलें होतात, आणि श्रीमती अंजली पाटील यांनीं उभी केलेली वैशाली त्याच्या वेडास हंसून संमति देणारी पतिव्रताही नाहीं आणि दाराशीं भांडणारी कजागही नाहीं. ती हिशेब करते. नवऱ्याच्या एका सामन्याची किंमत घरांत किती, हें तिला ठाऊक आहे. ती तें नेहमीं बोलत नाहीं, एवढेंच. एखाद्या प्रसंगीं ती बोलते तेव्हां तिच्या बोलण्यांत वाङ्मय नसतें, आणि म्हणूनच तें लागतें. तरीही आमची तक्रार अशी आहे कीं लेखकानें तिला अजून जागा द्यावयास हवी होती. तिला स्वतःला आयुष्यांत दुसरें कांहीं हवें होतें कीं नाहीं, हें कोठेंच कळत नाहीं. नवऱ्याच्या वीस वर्षांचा हिशेब बोलपट चोख मांडतो. तिच्या वीस वर्षांचा हिशेब ती स्वतः मांडते तेवढाच. आपल्या समाजांत पुरुषांच्या छंदांच्या ज्या कथा सांगितल्या जातात त्या सर्वांतच ही एक रिकामी चौकट असते, आणि ती येथेंही भरलेली नाहीं.

दुसरा दोष अधिक ढोबळ आहे. रजत सन्याल नांवाचा एक क्रीडापत्रकार लेखकानें मध्यें आणून ठेविला आहे. हा नायकास हिणवितो, त्याच्या धडपडीस मूर्खपणा ठरवितो, आणि कथेचें शीर्षक ज्या तिरस्कारयुक्त प्रश्नांत आहे तो प्रश्न त्याच्या वृत्तीचा आहे. श्री. परमब्रत चट्टोपाध्याय हे सामान्य नट नव्हेत. ते या पात्रांत शक्य तेवढें माणूसपण घालतात. पण पात्राचें प्रयोजनच कृत्रिम. प्रवीणला हिणविण्यास पत्रकाराची जरूर होती कोठें? त्याच्या कहाणीचें दुःख हेंच कीं त्याची कोणी दखलच घेत नव्हतें. ज्याच्याशीं कोणी वैर धरलें तो कांहीं अंशीं तरी प्रसिद्ध पुरुष होय. दुष्ट माणूस नसतांही माणसाचें आयुष्य निसटून जाऊं शकतें, हें सत्य लेखकास ठाऊक आहे. पण तें प्रेक्षकांस पुरेल असा विश्वास त्याला शेवटपर्यंत टिकवितां आला नाहीं. सांच्यास दिलेली एवढी एक खंडणी दिली नसती तर बरें झालें असतें.

भाषेविषयींही एक गाऱ्हाणें. मुलुंडच्या तांबे कुटुंबांत स्वयंपाकघरांतलीं भांडणें हिंदींत होतात, आणि ‘अगं’ आणि ‘अरे’ यांची फोडणी देऊन तें मराठी घर असल्याचें आम्हांस पटवून देण्यांत येतें. व्यापाराचें कारण आम्ही जाणतों. कान मात्र जाणत नाहीं. त्याच वसंतांत आलेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ मध्येंही मूळ भाषा हिंदीच होती. पण नागपूरच्या वस्तींतील पोरांची ती हिंदी त्यांची स्वतःची वाटे. ‘झुंड’ नेंही खेळाचा सामना कथेच्या मध्यावरच उरकून टाकिला आणि उत्तरार्ध पासपोर्टच्या कागदांवर खर्चिला, हें येथें आठवतें. एकाच महिन्याच्या अंतरानें दोन मराठी दिग्दर्शकांनीं शेवटच्या चेंडूकडे पाठ फिरवावी, हा योग चांगला.

बोलपटाच्या आरंभीं श्री. राहुल द्रविड स्वतः येतात. आपण ज्यांच्याबरोबर खेळलों त्या थोर खेळाडूंविषयीं न बोलतां ते प्रवीण तांबे यांच्याविषयीं बोलतात. २०१३ सालीं राजस्थानच्या संघाचे ते नायक होते, तेव्हां हा मान त्यांचाच. ही युक्ति धाडसाची आहे, कारण तिनें शेवट आधींच सांगून टाकिला. निवड होणार कीं नाहीं हें कुतूहल संपल्यावर उरतें तें एवढेंच, कीं तोंपर्यंत हा माणूस जगला कसा.

येथें आम्हांस एक शंका सतावते, आणि तिचें निरसन बोलपट करीत नाहीं. तांबे यांची निवड झाली नसती तर हा बोलपट कोणीं काढला असता काय? अर्थात् नाहीं. म्हणजे ज्या उपेक्षित खेळाडूंचें दुःख यांत इतक्या प्रामाणिकपणें रंगविलें आहे, त्यांची कथा सांगण्याचा परवाना त्यांच्यापैकीं ज्याला अखेर यश मिळालें त्याच्याच खिशांत सांपडला. पद्माकर शिवलकर यांनीं प्रथम दर्जाच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले आणि भारताच्या वतीनें ते एकही कसोटी खेळले नाहींत; बेदी असतां दुसऱ्या डावखुऱ्या फिरकीस जागा नव्हती. मार्च २०२५ मध्यें ते निवर्तले. त्यांच्या आयुष्यांत ४१ व्या वर्षाचा चमत्कार घडला नाहीं. त्यांच्यावर बोलपट काढावयाचा तर लेखकास शेवट कोठून आणावयाचा? आणि शिवलकर तरी मुंबईचे तारे. मैदानावरील लोक त्यांस ओळखत. कांगा लीगच्या खालच्या गटांत गुडघे झिजवून निवृत्त झालेल्या शेंकडों जणांस तेवढेंही मिळालें नाहीं.

वयाचें नवल मात्र आम्हांस इतरांइतकें वाटलें नाहीं, हें सांगून ठेवितों. प्रा. दि. ब. देवधर यांनीं पन्नाशी उलटल्यावर, १९४४ सालीं, नवानगरविरुद्ध रणजी सामन्याच्या दोन्ही डावांत शतकें ठोकलीं. संस्कृतच्या प्राध्यापकानें हें केलें याचा आमच्या व्यवसायास अद्याप अभिमान आहे, आणि विद्यार्थ्यांस तो आम्ही गरजेहून अधिक वेळां ऐकवितों. नवल वयाचें नाहीं. देवधरांस लोक फार वर्षें ओळखत होते. अनोळखी राहून त्या वयापर्यंत हातांतला चेंडू न सोडणें ही निराळी गोष्ट.

आम्ही राहतों त्या नव्या मुंबईस या कथेशीं थोडा संबंध आहे. नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडा अकादमीच्या संघांतून तांबे खेळत, आणि मोठ्या क्रिकेटच्या नजरेस ते पडले त्या वाटेवर हें ठाणें आहे. याच मैदानावर १ जून २००८ रोजीं पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना झाला आणि शेन वॉर्न या लेगस्पिनरच्या नेतृत्वाखालीं राजस्थाननें तो शेवटच्या चेंडूवर जिंकला. सांचाप्रिय दिग्दर्शकास एवढें पुरें होतें. याच मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्रीं भारताच्या महिलांनीं दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनीं पराभव करून विश्वचषक घेतला, तेव्हां त्यांचे प्रशिक्षक होते श्री. अमोल मुझुमदार. रणजीच्या पहिल्याच सामन्यांत २६० धावा काढलेला, आणि भारताच्या संघांत एकदांही न घेतलेला हा फलंदाज. १९८८ सालीं शाळेच्या सामन्यांत तेंडुलकर आणि कांबळी यांची ६६४ धावांची भागी चालली असतां पॅड बांधून बाहेर वाट पाहत बसलेला मुलगा तो हाच.

सिडकोनें १९७० नंतर आंखलेल्या या शहरांत मैदानें विपुल आहेत, आणि रविवारीं सकाळीं त्यांच्या कडेनें गाड्यांची रांग लागते. आंत पांढऱ्या कपड्यांतलीं मुलें. बाहेर त्यांचे आईबाप, हातीं पाण्याच्या बाटल्या. या आईबापांपैकीं पुष्कळांनीं हा बोलपट मुलांस मुद्दाम दाखविला, असें आमच्या कानीं आलें. ‘कधींच हार मानूं नकोस’ हें त्यावरून शिकवावयाचें. आम्हांस भीति वाटते ती येथें. बोलपट असें कांहीं म्हणत नाहीं. तो फार तर एवढेंच म्हणतो कीं एका माणसानें हार मानली नाहीं, त्यापायीं त्याच्या घरानें अमुक अमुक सोसलें, आणि पुढें एक दिवस फोन आला. फोन आला नसता तरी मैदानावर घालविलेल्या सकाळी खऱ्या होत्या कीं नव्हत्या, हा प्रश्न श्री. तळपदे यांच्या चेहऱ्यावर अनेकदां उमटून जातो. उत्तर देण्याची घाई ते करीत नाहींत. बाहेर बाटली घेऊन उभे असलेले वडील मात्र करतील. आठव्या इयत्तेंतील मुलाला हा बोलपट दाखवावयाचाच असेल तर वैशालीच्या प्रसंगीं तो थोडा थांबवून, आईलाही शेजारीं बसवून दाखवावा, एवढी आमची नम्र सूचना.

राहतां राहिली शेवटाची गोष्ट. ५ मे २०१४ रोजीं अहमदाबाद येथें कोलकात्याविरुद्ध श्री. तांबे यांनीं हॅट्ट्रिक साधली. तिची मौज अशी कीं पहिला फलंदाज वाइड चेंडूवर यष्टिचीत झाला, त्यामुळें तीन बळी पडले आणि धरावयाचे चेंडू मात्र दोनच भरले. आदल्या षटकापर्यंत कोलकात्याचा विजय निश्चित वाटत होता. सामना राजस्थाननें दहा धावांनीं घेतला, आणि गोलंदाजाचें वय तेव्हां ४२ होतें. कोणत्याही कथालेखकानें रचली असती तर अतिशयोक्ति म्हणून आम्ही ती खोडून काढली असती. ती खरी घडलेली, चित्रफितींवर उतरलेली, फुकट मिळणारी होती. श्री. देसाई यांनीं आपल्या कथेचा कळस म्हणून ती घेतली नाहीं.